जुनं पाणी

रव्याचा कण असावा तसा एक पांढरा ठिपका माशाच्या शेपटीवर — रुपाला आधी वाटलं, काचेलाच काही चिकटलंय. तिने गाऊनच्या बाहीने काच पुसली, मग नखाने खरवडून पाहिली, पण ठिपका काचेवर नव्हताच, तो शेपटीबरोबर हलत होता, आणि हलता हलता दुसरा दिसला, कल्ल्याजवळ, मग परांच्या काठावर दोन... का तीन. स्वयंपाकघरात चहा उकळत होता. तो उतू जाईल हे तिला कळत होतं, तरी ती गुडघ्यांवर हात ठेवून तशीच वाकून उभी राहिली, कारण ढोल्या तिच्याकडे आला नव्हता. एरवी काचेजवळ सावली पडली की तो सगळ्यांच्या आधी धावत यायचा, तोंड उघडमीट करत, तीन दिवस उपाशी असल्यासारखा. आज तो कोपऱ्यात, हीटरच्या मागे, पर अंगाला मिटून नुसता तरंगत होता. बाकीचे दोघे वर होते, अगदी पाण्याच्या कातडीशी, तोंड बाहेर काढून हवा पीत असल्यासारखे.

तिन्ही गोल्डफिश. त्यातला हा जाडा, केशरी, पोटाशी पांढरा. त्याचं नाव तिच्या नवऱ्याने, योगेंद्रने, ढोल्या ठेवलं होतं आणि उरलेल्या दोघांची नावं ठेवायची राहून गेली होती. राहून गेली — हे शब्द तिच्या मनात आपोआप आले आणि तिने ते तिथेच सोडले, जसे ती गेलं वर्षभर पुष्कळ शब्द अर्ध्यावर सोडत आली होती. नंदुरबारला डिसेंबरात रात्री चांगल्याच गार पडतात, पाणी गारठलं असेल, एवढंच असेल... पण पाणी. तिने पहिल्यांदाच पाण्याकडे पाहिलं. माशांकडे नाही, दगडांकडे नाही, पाण्याकडे. ते तसं स्वच्छ होतं. थोडं पिवळसर, जुन्या फोटोवरच्या काचेसारखं, पण स्वच्छ.

चहा उतू गेला.

ते पाणी योगेंद्रने भरलेलं होतं. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या सुट्टीत, सकाळभर तो टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता, एक काळा दगड इकडून तिकडे ठेवत, 'आता बघ, आता कसं वाटतं' म्हणत; आणि त्याच आठवड्यात शहाद्याच्या रस्त्यावर, दिवस पुरता मावळलेला नसताना, उसाची ट्रॉली उभी होती आणि ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. एवढंच. याच्या पुढचं ती कधी मनात पुरं करत नसे. घरात मग माणसंच माणसं होती, सतरंज्या होत्या, कुणीतरी आत्या म्हणाली होती की हे मासे कुणाला तरी देऊन टाका, आता कोण करणार यांचं, आणि त्या सगळ्या दिवसांत रुपाने स्पष्ट असा एकच शब्द उच्चारला होता — नको.

मी काही ठरवलं नव्हतं, ती मनातल्या मनात म्हणाली. पाणी बदलायचंच नाही असं कुणी ठरवतं का? उन्हाळ्यात पाणी उडून खाली जायचं, वीतभर, तेव्हा मी भर घालत होते. मागच्या पडवीत झाकून ठेवलेली बादली असायचीच, तिच्यातलं तांब्या-तांब्याने, हळूच, वरचं पाणी फार हलू नये असं. काढलं मात्र कधी नाही. नळी हातात घेतली की वाटायचं, आज नको. त्याचा हात ज्यात बुडाला होता ते... नाही, असंही वाटायचं नाही, असे शब्दही यायचे नाहीत. नुसतं आज नको.

"काय देखी ऱ्हायनी?" नाना दारात उभे होते. ओट्यावरच्या उन्हातून उठून आलेले, मफलर कानाला गुंडाळलेला. भाईदासनाना, तिचे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून चालताना शरीर थोडं पुढे झुकवत, समोर काच असल्यासारखे.

"ढोल्याले काही तरी व्हयनं, नाना."

त्यांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, मग खाली वाकून बराच वेळ पाहिलं. त्यांचा श्वास काचेवर उमटला आणि विरला.

"बठ्ठं पानी फेकी दे," ते म्हणाले. "टाकी धुई टाकू, सोडा लाईसन. नवं पानी भर."

"नको."

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार चटकन आणि फार कोरडं निघालं. नानांनी चष्मा परत डोक्यावर चढवला. आज सकाळीच नाही, गेले कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी असंच बोलत होती, कामापुरतं, काठाकाठाने, कारण मधे रविवार उभा होता. रविवारी तिचा भाऊ कुंदन शहाद्याहून येणार होता. नवापूरकडचं एक स्थळ होतं, त्या माणसाची बायको आजारात गेलेली, 'नुसतं भेटाले काय जास, रुपा,' असं कुंदन फोनवर म्हणाला होता, आणि ती नाही म्हणणार तोच त्याने पुढचं सांगितलं होतं — नानासनीच माले फोन करा. नानांनीच त्याला फोन केला होता. तेव्हापासून नानांच्या ताटात भाकरी वाढताना तिला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. राग नव्हता तो. पण मग काय होतं... घरातून आपलं सामान कुणीतरी अगदी मायेने बांधून दाराशी ठेवावं, तसं काहीतरी.

तिने लॅबमध्ये फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. बसस्टँडजवळच्या एका लहानशा लॅबमध्ये ती लोकांचं रक्त घ्यायची. सुई कुठे टोचायची हे तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचं. कपाटातून तिने एक रिकामी, स्वच्छ बाटली काढली आणि टाकीत बुडवली. बाटलीने बुडबुडे सोडत पाणी घेतलं. बूच लावून ती हातात धरली तेव्हा ती गार होती, हलकी होती, आणि तरी स्कूटीच्या डिकीत न ठेवता तिने ती पर्समध्ये, रुमालात गुंडाळून, खांद्याशी ठेवली.

माशांचं दुकान स्टेशनकडच्या रस्त्यावर होतं. गल्ल्यावर सोनम नावाची मुलगी होती, धडगावकडची. दुकान तिच्या मामाचं होतं आणि गिऱ्हाइकाशी ती शाळेतल्या पुस्तकासारखं नीट मराठी बोलायची. रुपाने ठिपक्यांचं सांगितलं, वर येऊन तोंड उघडण्याचं सांगितलं, कोपऱ्यात बसलेल्या ढोल्याचं सांगितलं. सोनमने बाटली उजेडात धरून पाहिली, मग काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले, नळी हलवली आणि स्टँडला लावून ठेवली.

"थोडं थांबावं लागेल. रंग यायला वेळ लागतो."

हे थांबणं रुपाला माहीत होतं — पण पलीकडून. लॅबच्या बाकावर माणसं अशी बसतात, चपलेच्या अंगठ्याशी खेळत, भिंतीवरचं तेच तेच कॅलेंडर वाचत, आणि आपण आतून बाहेर येताना त्यांच्याकडे न बघण्याची सवय केलेली असते. नळीतलं पाणी पिवळं होतं, मग नारिंगी झालं, मग हळूहळू, जसं काही मनात येतं पण बोलावंसं वाटत नाही, तसं लाल, गडद लाल होत गेलं.

"पाणी केव्हा बदललं होतं, ताई?"

रुपाने पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाली, "भर घालते मी. नेहमी घालते."

"भर घालणं वेगळं," सोनम म्हणाली. तिच्या आवाजात बोल लावणं नव्हतं. "पाणी उडून जातं ना, ते नुसतं पाणी जातं. त्यांची घाण, कुजलेलं खाणं, ते सगळं मागेच राहतं. दिसत नाही, पण साठत जातं. मग मासा अशक्त होतो, थंडी पडली की हे ठिपके धरतात. रोग ठिपक्यांचा आहे, पण आधी पाण्याचा आहे."

"मग सगळं काढू?" रुपाने विचारलं.

"नाही नाही. सगळं एकदम काढाल तर ते मरतील. या पाण्याला सरावलेत ते. एकदम चांगलं पाणीसुद्धा त्यांना सोसणार नाही." सोनमने हाताने टाकीचा आकार हवेत दाखवला आणि वरून थोडासा कापला. "रोज चौथा भाग काढायचा. तेवढंच नवं घालायचं, त्याच उबेचं. खडे मीठ बादलीत विरघळवून थोडं थोडं. हीटर रोज थोडा वाढवायचा, आणि हवेचा पंप जोरात ठेवायचा, गरम पाण्यात त्यांना दम लागतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या पाण्यातच पिळा. त्यात पाणी साफ ठेवणारे चांगले जंतू असतात, नळाच्या पाण्याने तेही जातात."

"वाचेल ना?"

सोनमने खांदे किंचित उडवले. "दोघं वाचतील. जो कोपऱ्यात बसलाय त्याचं सांगता येत नाही."

परतताना रुपा स्कूटी फार हळू चालवत होती. चौथा भाग. म्हणजे तीन भाग राहतात. उद्या त्या राहिलेल्यातला चौथा, पण नव्यातलाही थोडा... ती हिशेब करत राहिली, आणि हिशेब पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येऊन अडकत होता, की जुनं कमी कमी होत जाईल, दिसेनासं होईल, पण सगळं संपलं असं कधी म्हणता येणार नाही. त्यात समाधान मानावं की काय, तेही तिला ठरवता येईना. सिग्नलला मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

दुपारी तिने जमिनीवर पोतं अंथरलं, बादल्या मांडल्या. पडवीतली बादली कालपासून भरलेली होतीच. त्यात थोडं कढत पाणी ओतून तिने बाहेरून नव्हे, कोपर बुडवून ऊब पाहिली, लहान मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. तिला आणि योगेंद्रला मूल नव्हतं, पण कोपराला हे कुठून तरी माहीत होतं. मग नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. योगेंद्र असंच करायचा, ओढायचा आणि वेळेवर काढून घ्यायचा. तिला वेळ साधता आली नाही. तोंडभर पाणी आलं.

मातकट. किंचित खारट, किंचित लोखंडी, पावसाळ्यात ओल्या राहिलेल्या दोरीच्या वासासारखी चव. थुंकायला हवं होतं, ती मोरीपर्यंत गेलीही, पण क्षणभर ते तसंच तोंडात धरून उभी राहिली, गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येऊन, आणि तिला वाटलं — हे एवढंच होतं का? एवढं मी जपत होते... यात तो कुठेच नाही. यात माशांची घाण आहे. मग ती थुंकली, चूळ भरली, पुन्हा चूळ भरली, आणि परत आली तेव्हा नानांनी नळीचं टोक धरून बादलीत सोडलं होतं आणि पाणी आपणहून वाहत होतं.

"तू त्या खडास्मा फिराव," ते म्हणाले. "बादली मी देखस."

ती नळीचं तोंड तळाच्या खड्यांतून फिरवू लागली. खड्यांखालून तपकिरी ढग उठत आणि नळीत ओढले जात. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. वर्षभराचं. मग ढगांबरोबर काही पांढरं येऊ लागलं, फुगलेलं, बुळबुळीत, चुरमुऱ्यांसारखं... चुरमुरेच होते. आणि चपातीचे तुकडे, नखाएवढे, कडांनी बुरसलेले. एका कोपऱ्यात तर त्यांचा थरच होता, काळ्या दगडाच्या आड. रुपा बघत राहिली. ती रोज संध्याकाळी मोजून डब्यातले दाणे टाकायची, चिमूटभर. हे तिने टाकलेलं नव्हतं.

नाना बादलीत बघत होते. पाण्यावर एक तुकडा गोल फिरत होता. त्यांनी तो दोन बोटांनी काढला, पुसल्यासारखा केला, आणि कुठे ठेवावा हे न कळून मुठीत धरून ठेवला.

"सकायमा तो टाके ना," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "त्या वाट देखतस. म्हनीसन मी..." मग मूठ आवळून, "तू झोपेल ऱ्हास तधळ."

तिला पहाटे कधी तरी पायांचा आवाज यायचा. पाणी प्यायला उठले असतील, असं वाटून ती कूस बदलायची. तेव्हा हा म्हातारा अंधारात काचेपुढे उभा असायचा तर, हातात चपातीचा तुकडा घेऊन, आणि तीन मासे वर येत असतील तोंड उघडमीट करत, आणि त्यांना काय म्हणत असेल तो, काही म्हणत तरी असेल का... एकाच घरात, एका भिंतीच्या अंतरावर, मी पाणी काढत नव्हते आणि हे खाणं टाकत होते. आणि मधे हे तिघं, मुके, आमच्या दोघांच्या मायेत गुदमरत. तिला हसू येईल असं वाटलं, आणि मग भलतंच काहीतरी येईल असं वाटलं, म्हणून तिने नळी नीट धरली.

"त्यासले जास्त चालत नही, नाना," ती हळू म्हणाली. "पोटले त्रास व्हस. पानीबी खराब व्हस."

"माले काय माहीत." मग बादलीतच बघत, "मन्हामुळे व्हयनं का ते?"

"नही. दोन्हीसमुळे."

त्यांनी मान हलवली. पाणी चौथ्या भागाने उतरलं तशी तिने नळी वर उचलली. नानांनी बादली उचलायला हात घातला. ती 'ऱ्हाऊ द्या' म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही, मागच्या दारी पपईच्या झाडाशी नेऊन हळूहळू ओतली, एकदम न लोटता, गोल फिरवत, सगळ्या मुळांना मिळेल अशी. ती खिडकीतून बघत होती. जमीन ते पिऊन टाकत होती. तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही — छातीत काही तुटलं नाही. नुसतं पाणी होतं, झाडाला जात होतं.

नवं पाणी तिने ताटलीवर ओतलं, धार थेट माशांवर पडू नये म्हणून. मिठाचं पाणी थोडं. स्पंज दुसऱ्या बादलीत बाजूला ठेवलेल्या जुन्या पाण्यात पिळला. पंपाचा काटा फिरवला तसे बुडबुडे दाट झाले आणि वरचे दोघे हळूहळू खाली उतरले, मधल्या पाण्यात, जिथे त्यांनी असायला हवं. ढोल्या कोपऱ्यातच होता. कल्ले मात्र हलत होते. ती मोजायला लागली, मग तिने मोजणं सोडून दिलं.

नाना पाटावर बसून हात पुसत होते. टाकीकडे बघत म्हणाले, "रोज करनं पडी का?"

"हो. बरा व्हये तवलोंग. मंग आठवडाले एकदाव."

"माले दखाडी ठेव. नळी कशी लावतस, मीठ कितलं." त्यांनी पाट जरा मागे सरकवला. "तू गयी तरी मी करसू."

हे त्यांनी इतकं साधेपणाने म्हटलं की तिला ते आधी कळलंच नाही. मग कळलं. रविवार पहिल्यांदा खोलीत आला आणि दोघांच्या मधे, पाटाशेजारी, येऊन बसला. तिला म्हणायचं होतं, तुम्हीच फोन केलात ना. तुम्हाला मी नको झाले का. तुम्ही एकटे काय खाल... आणि त्यांच्या ओल्या, सुरकुतलेल्या बोटांकडे बघताना तिला दिसलं की यातलं एकही त्यांच्या मनात नाही, त्यांना फक्त भीती आहे, की त्यांच्या दुःखात ती अशीच बसून राहील. त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. आपण जायला हवं की नाही, हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. नवापूरचा तो कोण माणूस, तोही आपल्या घरात काहीतरी जपत बसला असेल. त्याला भेटण्याची कल्पना तिला पहिल्यांदाच कल्पना म्हणून दिसली, अंगावर आलेल्या वस्तूसारखी नाही.

"उद्या दखाडस," ती म्हणाली.

नाना ओट्यावर गेले. उन्हं कलली होती, शेजारच्या घरात मिक्सर सुरू झाला. तिने बादल्या आवरल्या, नळी गुंडाळली, पोतं उचललं — आणि पोत्याखाली फरशीवर पाणीच पाणी, कॉटच्या पायापर्यंत गेलेलं, ओलं पाऊल दारापर्यंत उमटलेलं. तिने फडकं आणलं, उकिडवी बसली आणि पुसायला लागली. दर वेळी हेच. दर वेळी हा टाकी साफ करायला बसला की अर्धी खोली भिजवायचा, आणि वर म्हणायचा, वाळून जाईल आपोआप. एकदा ती याच जागी घसरली होती, कोपर आठवडाभर सुजलं होतं, आणि तो आधी हसला होता, मग आपण हसलेलं तिला दिसलं म्हणून घाबरला होता...

"कितली वार सांगं तुले, खाले पोतं नीट टाकत जाय," ती म्हणाली. मोठ्याने, कपाळाला आठी घालून, फडकं पिळता पिळता. "पुसनं माले पडस. तुले काय, तू उठी जास."

बोलून झाल्यावर तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. वर्षभर तिने त्याला फोटोतल्यासारखं आठवलं होतं, शांत, चांगला, हसरा, हार घातलेला. आणि आता तो कुठून तरी ओल्या हातांनी, पसारा टाकून, तिच्यावर काम ढकलून उभा होता, आणि तिला त्याचा राग आला होता. खरा, रोजचा, बायकोचा राग. तिने फडकं बादलीत टाकलं नाही. ते हातात धरून ती बसून राहिली, ओल्या फरशीवर, त्या रागाला जराही धक्का लागू नये अशी, बाहेर ओट्यावर नानांनी ऐकलं असेल का याचा विचार न करता. काचेपलीकडे ढोल्याने एक पर अर्धा उघडला, का तिला तसं वाटलं, आणि ती अजून थोडं चिडायला काय काय उरलं आहे ते आठवत होती.